परसबागेचा खर्च नेमका कशानं वाढतो? अणदूरच्या एका गुंठ्याचं गणित



"सर, लोकांच्या घरामागं बाग करून द्यायचा धंदा सुरू करतोय. फुटाला काय रेट लावू?"

हा प्रश्न विचारणारा मुलगा हुशार असतो, मेहनती असतो, आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन कामांतच अडकतो. कारण बागेला फुटाचा रेट नसतो. रंगकामाला असतो, फरशीला असतो. बागेत मात्र शेजारशेजारच्या दोन घरांमागची सारखीच जागा घेतली तरी एका ठिकाणी पन्नास हजारांत काम होतं आणि दुसऱ्या ठिकाणी लाखात भागत नाही. हा फरक कुठून येतो, ते ज्याला कळलं तो या धंद्यात टिकतो. ज्याला कळलं नाही त्याचे घरचे पैसे दुसऱ्याच्या परसात मुरतात.

आज आपण हे गणित धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यातल्या अणदूर गावाला धरून सोडवू. अणदूरच का? पुण्या-मुंबईच्या बागांचे व्हिडिओ ढिगानं आहेत, पण ती माती, तो पाऊस, ती मजुरी आपली नाही. अणदूर सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे, नळदुर्ग जवळ आहे, पाण्याची ओढाताण नेहमीची आहे. महाराष्ट्रातल्या शेकडो मोठ्या गावांची हीच स्थिती आहे. इथलं गणित जमलं तर तुमच्या गावचंही जमेल.

एक गोष्ट आधीच सांगतो. पुढे जे दर येतील ते आकडेमोड कळावी म्हणून धरलेले आहेत. मोजमापं आणि पद्धत पक्की धरा, दर मात्र तुमच्या गावच्या मुरूमवाल्याला, नर्सरीवाल्याला, मुकादमाला विचारून टाका.

ग्राहक कोण आहे?

गावात बागेवर पैसे कोण खर्च करणार, असं वाटत असेल तर जरा नीट बघा. पहिला ग्राहक म्हणजे नवीन बंगला बांधणारा: निवृत्त गुरुजी, बँकेतले साहेब, पुण्या-हैदराबादला नोकरी करणाऱ्या मुलांचे आई-वडील. दुसरा ग्राहक महामार्गावर आहे: ढाबे, लॉज, मंगल कार्यालयं. तिथं बाग म्हणजे फोटो काढायची जागा, आणि फोटो म्हणजे गिऱ्हाईक. तिसरा ग्राहक दवाखाने, शाळा आणि संस्था. अणदूरचं नाव आरोग्यक्षेत्रात हॅलो मेडिकल फाउंडेशनमुळे ओळखलं जातं. गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार करणारी ही संस्था. अशा संस्थांच्या आवारातही झाडं लागतात, निगा लागते.

याशिवाय १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागात जी गावं नव्यानं वसवली गेली, तिथं जुन्या गावठाणापेक्षा घराभोवती मोकळी जागा जास्त आहे. तुमच्या दुचाकीच्या टप्प्यात अशी किती परसं आहेत, एकदा मोजून बघा.

आपला नमुना: ३३ बाय ३३

समजा अणदूरमध्ये एका निवृत्त गुरुजींचं घर आहे. घरामागं ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद मोकळी जागा. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे बरोबर १ गुंठा. घराच्या बाजूनं मागं जायला ३ फुटांचा बोळ, लांबी ६० फूट. जमीन काळी. पाणी म्हणजे नळ, आणि उन्हाळ्यात दम टाकणारी बोअर.

गुरुजींच्या मुलानं फोनवर एक व्हिडिओ पाठवलाय. त्यात ६०० चौरस फूट हिरवळ आहे, ३०० चौरस फूट पेव्हर ब्लॉक, उरलेल्या १८९ चौरस फुटांत मोठी तयार झाडं आणि मधे कारंजं. याला आपण 'बाग अ' म्हणू. आता खर्च वाढवणाऱ्या एकेका गोष्टीकडे वळू.

पहिली गोष्ट: वाट

नवीन माणूस आधी झाडं बघतो. जुना माणूस आधी बोळ बघतो.

पेव्हरसाठी ३०० चौरस फूट जागा ९ इंच खोदायची. ती झाली २२५ घनफूट, म्हणजे सव्वादोन ब्रास. पण खोदलेली माती फुगते, उचलताना ती ३ ब्रासच्या आसपास भरते. आत मुरूम आणायचा २ ब्रास, हिरवळीखाली ४ इंचांचा चांगल्या मातीचा थर द्यायचा, तो २ ब्रास. एकूण हलवायचा माल ७ ब्रास, म्हणजे ७०० घनफूट.

रस्ता १० फुटांचा असता तर जेसीबी आत गेला असता, ट्रॅक्टरनं माल जागेवर टाकला असता आणि एका दिवसात काम उरकलं असतं. ४ तास जेसीबी, तासाला १२०० धरले तर ४८०० रुपये. वर दोन बिगारी, ६०० प्रमाणे १२०० रुपये. एकूण ६००० रुपये.

पण बोळ ३ फुटांचा आहे. घमेल्यात अर्धा घनफूट माल धरा. ७०० घनफुटांना १४०० घमेली. एका घमेल्यामागं जाऊन-येऊन १२० फूट चाल. गुणाकार करा: १ लाख ६८ हजार फूट, म्हणजे ५१ किलोमीटर! अणदूरहून सोलापूरच्या जवळपास पोहोचण्याइतकी चाल, तीही अर्धी वाट डोक्यावर घमेलं घेऊन. ही चाल कोणीतरी चालणार आणि तिची मजुरी कोणीतरी देणार. खोदाई, भरणं, वाहणं मिळून १८ माणूस-दिवस धरले तर १०,८०० रुपये.

म्हणजे जागा तीच, माल तोच, फक्त बोळामुळे ४८०० रुपये जास्त, आणि एका दिवसाचं काम आठवड्यावर गेलं. म्हणून जागा बघायला गेलात की टेप आधी बोळाला लावा. कुंपणाची भिंत अजून बांधायची असेल तर गुरुजींना सांगा, "गुरुजी, भिंत महिनाभर थांबवा, आधी मागून मशीन आत घालू." हे एक वाक्य त्यांचे हजारो रुपये वाचवतं, आणि तुमच्यावर विश्वास बसतो तो तिथूनच.

दुसरी गोष्ट: पाय रोवायची जमीन

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शेतकऱ्याच्या पोराला हे सांगायला नको. पण तोच पोरगा बागेत पेव्हर बसवताना हे विसरतो आणि मातीवर थोडी कच टाकून ब्लॉक मांडून मोकळा होतो. पहिल्या पावसाळ्यात अर्धे ब्लॉक खचतात, अर्धे वर येतात. मग ग्राहक फोन करतो आणि उकलून परत बसवायचा खर्च तुमच्या खिशातून जातो.

खोदाई, मुरूम, पाणी मारून चोपणं, कडेचे दगड: हे सगळं काम पूर्ण झाल्यावर दिसत नाही. ग्राहक ब्लॉकचा रंग बघतो, खालचा मुरूम बघत नाही. म्हणूनच कोटेशन कमी करायची वेळ आली की नवशिक्याचा हात आधी मुरुमावर पडतो. तिथं हात लावू नका. खर्च कमी करायचाच असेल तर फरशीची जागा कमी करा, खालचा थर कमी करू नका.

जागा मुरमाड असेल, आणि आपल्या बालाघाटच्या पट्ट्यात अशा जागा भरपूर आहेत, तर गणित उलटं होतं. फरशीचा पाया जवळपास फुकट मिळतो, पण झाडांसाठी खड्डे पहारीनं फोडावे लागतात आणि माती बाहेरून आणावी लागते. दोन्हीकडे खर्च आहे, फक्त जागा बदलते. म्हणून कोटेशनआधी दोन ठिकाणी दीड-दीड फूट खड्डा घेऊन बघायचाच. अर्ध्या तासाचं काम आहे.

तिसरी गोष्ट: माल किती लांबून येतो

दगड, फरशी, मुरूम हा जड माल. त्याची अर्धी किंमत वाहतुकीत असते. इथं अणदूरला एक फायदा आहे. शहाबादी फरशीला ज्या गावाचं नाव आहे ते शहाबाद शेजारच्या कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. पुण्याच्या ग्राहकाला ही फरशी लांबून येते, आपल्याला शेजारून. बाहेर लावायची असेल तर पॉलिश नसलेली, खडबडीत घ्या; पॉलिश केलेल्या फरशीवर पावसात म्हातारी माणसं घसरतात.

झाडांचंही तसंच. अणदूर ज्या राष्ट्रीय महामार्ग ६५ वर आहे, त्याच रस्त्यावर पुण्याच्या अलीकडे उरुळी कांचन आहे, नर्सऱ्यांचा मोठा पट्टा. आंध्रातलं गोदावरीकाठचं कडियम हे दुसरं मोठं केंद्र. दहा झाडांसाठी स्वतंत्र गाडी केली तर झाडापेक्षा गाडी महाग पडते. पण तीन-चार ग्राहकांचा माल एकत्र आणला, किंवा माल उतरवून परतणारी रिकामी गाडी गाठली, तर हाच खर्च वाटला जातो. महामार्गावरच्या गावाला ही सोय आहे, ती वापरा.

एक सावधगिरी. हिरव्या जाळीच्या सावलीत वाढलेलं झाड आपल्या एप्रिलच्या उन्हात थेट लावलं तर करपतं. आणल्यावर आठ-दहा दिवस अर्ध्या सावलीत ठेवा, मग लावा. मेलेलं झाड दोनदा विकत घ्यावं लागतं.

चौथी गोष्ट: झाडाचं वय

लहान पिशवीतलं रोप आणि सहा फुटी तयार झाड, जात एकच. मग किमतीत दहापट फरक का? कारण नर्सरीवाल्यानं दोन-तीन वर्षं पाणी, खत, जागा, राखण दिली. तुम्ही झाड घेत नाही, वेळ विकत घेता.

२० झाडं घ्या. पिशवीतली ८० रुपयांची घेतली तर १६०० रुपये. तयार ९०० रुपयांची घेतली तर १८,००० रुपये. बाग तीच, फरक १६,४०० रुपयांचा. मंगल कार्यालयाच्या मालकाला हंगाम दोन महिन्यांवर आला असेल तर त्याला तयार झाडं परवडतात, कारण फोटो आत्ता हवेत. गुरुजींना घाई नाही. त्यांना विचारा, "गुरुजी, लगेच हवंय की दोन पावसाळे थांबायचं?" दारासमोर दिसणारी चार झाडं मोठी, बाकी लहान, हा मधला रस्ता बहुतेकांना पटतो.

पाचवी गोष्ट: पाणी. हीच सगळ्यात मोठी

आतापर्यंतचे खर्च एकदाच होतात. पाण्याचा खर्च दर उन्हाळ्यात परत येतो, आणि तो कोटेशनमध्ये कुठंच लिहिलेला नसतो.

६०० चौरस फूट म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला किमान ५ मिलिमीटर पाणी धरा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. म्हणजे रोज २८० लिटर.

आता याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसामागं रोज ५५ लिटर पाण्याचं प्रमाण धरलंय. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. म्हणजे गुरुजींच्या मागचं ते गवत एका अख्ख्या कुटुंबाइतकं पाणी पिणार! फेब्रुवारी ते मे, १२० दिवसांत ३३,६०० लिटर. ५००० लिटरच्या टँकरनं मोजलं तर जवळजवळ ७ टँकर. शेजारची बाई घागर घेऊन उभी असताना गुरुजी गवतावर टँकर रिकामा करणार नाहीत. ते गवत वाळू देतील. आणि वाळलेल्या बागेखाली नाव कोणाचं? तुमचं.

हे फक्त आपल्याकडे नाही. हिरवळीची हौस आली थंड आणि वारंवार पाऊस पडणाऱ्या मुलखातून. अमेरिकेतल्या लास वेगासला, वाळवंटातल्या शहराला, तिथला पाणीपुरवठा विभाग लोकांना हिरवळ काढून टाकण्यासाठी पैसे देतो. तिथल्या नेवाडा राज्यानं २०२१ मध्ये कायदाच केला की नुसतं शोभेचं, कोणी पाय न ठेवणारं गवत त्या भागात ठेवायचं नाही. जे शहाणपण श्रीमंत शहराला महागात पडून आलं, ते आपण फुकट घेऊ.

मग गुरुजींना काय द्यायचं? 'बाग ब'

"हे होणार नाही" असं ग्राहकाला सांगून काम मिळत नाही. दुसरं चांगलं चित्र दाखवावं लागतं.

बाग ब मध्ये हिरवळ नाही. १५० चौरस फूट शहाबादी फरशीची पायवाट आणि बसायची जागा. एका कडेला कडुनिंब, त्याखाली पुढेमागे सावली मिळेल असा दगडी कट्टा. लिंबू, सीताफळ, शेवगा, कढीपत्ता, पारिजातक, जास्वंद, मोगरा. सीताफळ तर बालाघाटच्या डोंगराचंच पीक. शेजारच्या बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे. स्वयंपाकघराच्या दाराजवळ भाजीचे चार वाफे. न्हाणीचं आणि धुण्याचं पाणी गाळखड्ड्यातून झाडांना, बाकीला ठिबक. भाजीच्या वाफ्यांना मात्र साधं पाणीच द्यायचं.

या झाडांना जम बसल्यावर सरासरी एक दिवसाआड ४ लिटर धरले, तर २० झाडांना दिवसाला ४० लिटर पुरतात. पाच माणसांच्या घरातून रोज निघणाऱ्या सांडपाण्यातून हे सहज भागतं. झाडांचं रोजचं पाणी त्यामुळे जवळपास फुकट.

आणि भाजीच्या वाफ्यांना कमी समजू नका. पोषण परसबाग हा विषय आपल्या भागात बायकांनीच पुढे नेलाय. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत मराठवाड्यातल्या महिलांनी घरच्यांसाठी थोड्या जमिनीत, थोड्या पाण्यात भाजीपाला आणि धान्य पिकवण्याचं काम केलं. त्या संस्थेला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्यामुळे घरातल्या बाईंशी बोलल्याशिवाय परसाचा आराखडा काढू नका. पैसे गुरुजी देतील, पण बाग वापरणार आणि जगवणार त्या बाई.

आता दोन्हींचा प्रत्यक्ष खर्च बघा.

बाग अ:
- पेव्हर ३०० फूट, ९० प्रमाणे: २७,०००
- मुरूम व माती ४ ब्रास, २००० प्रमाणे: ८,०००
- खोदाई व वाहणं: १०,८००
- हिरवळ ६०० फूट, २५ प्रमाणे: १५,०००
- २० तयार झाडं: १८,०००
- पाइप व नळजोड: ६,०००
- कारंजं व दिवे: २५,०००
- एकूण: १,०९,८०० रुपये

बाग ब:
- शहाबादी फरशी १५० फूट, ६० प्रमाणे: ९,०००
- मुरूम व माती ३ ब्रास: ६,०००
- मजुरी १२ माणूस-दिवस: ७,२००
- २० लहान रोपं: १,६००
- ४ मोठी झाडं: ३,६००
- ठिबक व गाळखड्डा: ७,०००
- वाफ्यांच्या दगडी कडा: ४,०००
- कट्टा: ८,०००
- एकूण: ४६,४०० रुपये

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे या. समजा तुम्ही "५० रुपये फूट" सांगून मोकळे झालात. १०८९ फुटांचे ५४,४५० रुपये. ग्राहकानं बाग अ मागितली तर खिशातले ५५ हजार गेले. बाग ब मागितली तर वरवर ८ हजार सुटल्यासारखे दिसतात, पण तेही सुटत नाहीत. का, ते पुढे.

कोटेशन: प्रत्यक्ष खर्च म्हणजे किंमत नव्हे

बाग ब चा प्रत्यक्ष खर्च ४६,४००. यावर अचानक येणाऱ्या अडचणींसाठी ५ टक्के धरा: २३२०. तुमचं पेट्रोल, फोन, चार चकरा, अवजारांची झीज, आराखडा काढायचा वेळ, मेलेली दोन-तीन रोपं बदलणं, यासाठी १० टक्के: ४६४०. झाले ५३,३६० रुपये. म्हणजे ५४,४५० ला काम घेतलं असतं तर महिनाभर राबून हातात १०९० रुपये.

आता नफा. विक्रीच्या किमतीवर १५ टक्के हवा असेल तर ५३,३६० ला ०.८५ नं भागा: ६२,७७६. बरेच जण ५३,३६० वर १५ टक्के वाढवतात आणि ६१,३६४ सांगतात. फरक १४०० रुपयांचा. एका कामात लहान वाटतो, वर्षात वीस कामं केली तर २८ हजार होतात. पद्धत एकदा नीट लावून घ्या.

लहान जागेला फुटामागं जास्त खर्च येतो, हेही लक्षात ठेवा. तुमच्या चकरा, गाडीचं भाडं, आराखडा, हे अर्ध्या गुंठ्यालाही तेवढंच आणि दोन गुंठ्यांनाही जवळपास तेवढंच. त्यामुळे "शेजारी मोठ्या जागेला एवढ्यात केलं, मला लहान जागेला निम्म्यात करा" असं ग्राहक म्हणाला तर शांतपणे हे समजावून सांगा. भांडू नका.

अणदूरचा धडा: लेखी करार

अणदूर म्हटलं की खंडोबा. अणदूर आणि नळदुर्ग ही एकाच देवाची दोन ठिकाणं. देव सव्वादहा महिने अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. आणि देव नेताना-आणताना दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात. विचार करा, जिथं मधे प्रत्यक्ष देव आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे, तिथंही कागद होतो. कागदामुळे नातं बिघडत नाही, नातं टिकतं.

मग आपण ५०-६० हजारांचं काम तोंडी का घेतो? "ओळखीचे आहेत, कागद कशाला" हे वाक्य या धंद्याला लागलेली कीड आहे. एका पानाचा मराठीतला कागद करा. त्यात एवढं लिहा:

- कामाचं मोजमाप: फरशी किती फूट, झाडं किती, कोणत्या उंचीची.
- काय धरलेलं नाही: भिंत, बोअर, विजेचं काम, राडारोडा लांब नेणं.
- पाणी आणि वीज काम चालू असताना कोण देणार.
- झाड मेलं तर: पहिल्या ६० दिवसांत, पाणी दिलेलं असेल तर एकदा बदलून देऊ.
- मधेच वाढलेलं काम: आधी दर लिहून सही, मग काम.
- पैसे: ४० टक्के माल आणण्याआधी, ३० टक्के फरशीचं काम झाल्यावर, २० टक्के झाडं लावल्यावर, १० टक्के महिन्यानं.

वाढीव कामाचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. "आलाच आहात तर तेवढा पुढचा ओटाही करून टाका" हे काका-मावशी प्रेमानं म्हणतात. अशी तीन प्रेमळ कामं झाली की नफा संपला. हसून म्हणा, "करतो ना मावशी, एवढा खर्च येईल, लिहून घेऊ का?" निम्म्या वेळा त्या स्वतःच म्हणतात, "राहू दे मग."

कॅलेंडरही खर्च ठरवतं

काळ्या मातीत पावसाळ्यात खोदाई म्हणजे चिखलात पैसे घालणं. खोदाई, मुरूम, फरशी ही कामं एप्रिल-मे मध्ये उरका. तेव्हा ऊसतोडीला गेलेले मजूरही परतलेले असतात. झाडं जूनमध्ये, दोन चांगले पाऊस झाल्यावर. पाऊस पाणी घालतो, मर कमी होते. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी आणि पाठोपाठ ऊसतोडीसाठी टोळ्या निघतात. त्या दिवसांत बिगारी मिळत नाही आणि मिळाला तर मागेल ती मजुरी द्यावी लागते. त्या काळात नवीन मोठं काम धरू नका, जुन्या बागांची निगा करा.

निगा हा या धंद्याचा खरा पगार आहे. बाग एकदा होते, छाटणी-खत-ठिबक दुरुस्ती दर महिन्याला लागते. दहा घरं महिन्याच्या ठरावीक रकमेवर बांधलीत तर पुढचं काम मिळेपर्यंत घर चालतं.

सुरू करायला काय लागतं?

फार नाही. १०० फुटी टेप, पाण्याची लेव्हल नळी, टिकाव, फावडी, पहार, घमेली, छाटणीची कात्री, एक वही. जेसीबी आणि ट्रॅक्टर भाड्यानं. उद्यम नोंदणी ऑनलाइन मोफत होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज ५० हजारांपर्यंत असतं, अवजारं आणि पहिल्या मालासाठी ते पुरतं. सेवा व्यवसायाला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण नोंदणी नसेल तर ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही, आणि तुम्ही पाइप-पेव्हर घेताना भरलेला जीएसटी हा तुमचाच खर्च. म्हणून कोटेशनमध्ये मालाचा दर करासकट, गाडीभाड्यासकट, जागेवर पडणारा धरा. जिवंत रोपांवर मात्र जीएसटी नाही.

या आठवड्याचं काम

व्हिडिओ बघून, हे वाचून सोडून देऊ नका. या रविवारी तुमच्या स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या घरामागची जागा मोजा. वहीत पाच ओळी लिहा: बोळ किती फूट, माती कोणती, माल कुठून येणार, झाडं किती वयाची, मे महिन्यात पाणी किती. मग गावातल्या तीन ठिकाणी फोन करून मुरूम, मजुरी आणि फरशीचे आजचे दर घ्या आणि कोटेशन बनवा. ग्राहक नसताना बनवलेलं पहिलं कोटेशन चुकलं तर नुकसान फक्त कागदाचं होतं.

आणि पुढच्या वेळी कोणी विचारलं, "फुटाला काय रेट?", तर एवढंच म्हणा: "आधी जागा बघतो, मग सांगतो."